भेगा भरणारी चंद्रभागाबाई

चंद्रभागाबाईला एका जागी बसलेली बघायची असेल, तर पूस महिन्यातली दुपार गाठावी लागे. एरवी बाईच्या पायाला भिंगरी. सकाळी पाण्याला बोडीवर, म्हणजे गावच्या लहान तळ्यावर, तिथून वावरात, वावरातून कोणाच्या तरी बाळंतिणीला बघायला, आणि घरी परत आली की झाडलेलं आंगण पुन्हा झाडायला. तिचा नवरा सोमाजी हयात होता तेव्हा म्हणायचा, "मी बायको करून आणली का वारं बांधून आणलं, मलेच समजत नाही." सोमाजी गेला, पोरगा जागेश्वर शेती बघू लागला, तरी हे वारं काही पडलं नाही.

पण धान कापून झालं, थंडी वाजू लागली, की चिचटोलीच्या बाया दुपारच्या उन्हात तिच्या आंगणात येऊन पाय पसरून बसत. मग चंद्रभागाबाईलाही बसावं लागे. कारण टाचेच्या भेगा भराव्यात तर चंद्रभागाबाईनं. पवनीपासून अड्याळपर्यंत आपल्यासारखी दुसरी नाही, असं ती स्वतःच सांगे, आणि ते खोडून काढायची कोणाची छाती नव्हती.

धानाच्या गावात बायांच्या पायांचे हाल कुत्रा खात नाही. रोवणीला दिवसदिवस पोटरीभर चिखलात उभं राहायचं. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडं पांढरं पडून सोलून निघतं. दिवाळीनंतर तेच पाय कोरड्या धुऱ्यांवरून, म्हणजे शेताच्या बांधांवरून, आणि कापलेल्या धानाच्या खुंटांवरून अनवाणी फिरतात. टाचेचा घट्टा जाड होतो, वाळतो आणि तडकतो. तडा मांसापर्यंत गेला की पाऊल टेकवताना डोळ्यांत पाणी येतं. आणि चपला म्हणाल, तर ही १९७६ सालची गोष्ट आहे. चिचटोलीत तेव्हा चपला पुरुषांच्या, त्याही पवनीच्या बाजारापुरत्या. सुनेनं चपला घालून गावातून जावं, तर चावडीवरचे म्हातारे तिच्या सात पिढ्या काढत.

चंद्रभागाबाईची रीत ठरलेली होती. ऊन पाण्यात मीठ टाकून पाय भिजवायचा, विटेच्या तुकड्यानं घासायचा, आणि न्हाव्याकडून मागून आणलेल्या जुन्या नराणीनं भेगेच्या दोन्ही काठांचं मेलेलं कातडं तासायचं. तोवर शेगडीवर लोखंडी पळीत मेण, राळ आणि टोरीचं तेल वितळत असे. टोरीचं तेल म्हणजे मोहाच्या बियांचं. ते थंडीत तुपासारखं थिजतं आणि भेगेत गेलं की लवकर हलत नाही. पळी तिरपी करून एकेक थेंब भेगेत सोडायचा, वर पळसाचं पान ठेवायचं आणि चिंधी बांधायची. तिसऱ्या दिवशी बाई धुऱ्यावरून तुरुतुरु चालू लागे.

खरं कसब थेंबाच्या गरमीत होतं. थंड थेंब भेगेच्या तोंडाशीच थिजतो, फार कढत थेंब मांस जाळतो. याचं माप चंद्रभागाबाईनं बायांच्या तोंडात ठेवलं होतं. थेंब पडल्यावर "स्सी!" आलं तर बरोबर. "अव माय, मेली वो!" आलं तर पळी फुंकायची. तोंडातून काहीच आलं नाही, तर पळी परत निखाऱ्यावर ठेवायची. शेजारच्या आनंदाबाईचं "मेली वो" थेंब पडायच्या आधीच येई, पण तिचं सोडा. त्या बाईनं एकदा चंद्रभागाबाईवर रुसून घरीच भेगेत बिबा तापवून घातला होता. बिबा असा उतला की पायाबरोबर तोंडही सुजलं, आणि पंधरा दिवस तिला डोळे उघडता आले नाहीत. तेव्हापासून ती थेंबागणिक ओरडे, पण पहिला नंबर तिचाच असे.

त्या वर्षीच्या वैशाखात जागेश्वरचं लग्न झालं. सून आली केशर. अठरा-एकोणीस वर्षांची, अंगानं काटक, तोंडानं बोलकी. रोवणीत तिनं सगळ्या बायांना मागे टाकलं, तेव्हा चंद्रभागाबाईनं मनातल्या मनात देवाला नारळ फोडला. आपल्यासारखीच वाऱ्याची पोर मिळाली म्हणून.

पूस आला. आंगणात सात-आठ बाया बसल्या होत्या. केशरच्या डाव्या टाचेला बोटाएवढी खोल भेग होती आणि ती तसल्या पायानं आठ दिवस पाणी भरत होती. "अशी कशी वो तू, सांगाव नाही का?" असं म्हणून चंद्रभागाबाईनं तिचा पाय मांडीवर ओढला. तासलं, पुसलं, थेंब सोडला. केशर आनंदाबाईशी बोलत होती. तिच्या माहेरच्या कोणाच्या तरी म्हशीची गोष्ट चालली होती. तिच्या तोंडातून काही आलं नाही, म्हणून चंद्रभागाबाईनं पळी निखाऱ्यावर धरली. दुसरा थेंब सोडला. म्हशीची गोष्ट चालूच. पळी पुन्हा निखाऱ्यावर गेली. तिसऱ्या वेळी पळीतून धूर निघत होता.

केशर हसत मागे वळली. "आत्याबाई, तुमचा हात किती हलका हाये! मले तर कळूनच नाही राहिलं."

"मंग!" आनंदाबाई म्हणाली. "उगीच येतो का आम्ही?"

चंद्रभागाबाई फुलून गेली. चारचौघींत सुनेनं केलेलं कौतुक कोणत्या सासूला नको असतं? तिनं पान ठेवलं, चिंधी बांधली, आणि चिंधीची गाठ मारतानाच तिच्या नाकात वास शिरला. जळलेल्या कातड्याचा.

केशरचे ते शब्द तिनं आधीही ऐकले होते. चाळीस वर्षांपूर्वी, तिच्या माहेरी, तिचा थोरला भाऊ कवडू आईसमोर पाय पसरून बसला होता. "माय, तुझा हात किती हलका!" आई तेव्हा अशीच फुलली होती. वर्षभरानं कवडूच्या हाताची बोटं वळली, आणि गावानं त्या रोगाचं नाव घेतलं. महारोग. बापानं तलावाच्या पाळीपलीकडे झोपडी बांधून दिली. दहा वर्षांची चंद्रभागा रोज द्रोणात भात घेऊन जायची, लांब दगडावर ठेवायची आणि मागं न बघता पळत यायची. एक दिवस आदल्या दिवसाचा भात तसाच होता. दुसऱ्या दिवशीही तसाच. कवडू कुठं गेला ते कोणी शोधलं नाही. तिनंही विचारलं नाही, आणि ही गोष्ट तिला म्हातारपणापर्यंत बोचत होती.

"आत्याबाई, झालं ना?" केशरनं विचारलं.

"झालं," चंद्रभागाबाई म्हणाली. बाकीच्या बायांना तिनं डोकं दुखायचं निमित्त सांगून वाटेला लावलं.

त्या दिवसापासून बाईला घरात चैन पडेना आणि बाहेर थारा लागेना. बोडीवर जायची, घागर न भरताच परत यायची. भाजीत मीठ विसरायची, मग दोनदा घालायची. जागेश्वर जेवता जेवता म्हणाला, "माय, तुले बरं नाही का?" तर त्याच्यावरच वस्सकन ओरडली. तिची नजर सुनेच्या पायांवरून हटत नव्हती. दुसऱ्या दिवशी केशरच्या टाचेवर रुपयाएवढा फोड आला होता आणि तो फोड घेऊन ती तणस, म्हणजे धानाचा पेंढा, वाहत होती, गुणगुणत. डोक्याला तेल लावून देते म्हणून चंद्रभागाबाईनं तिला बसवलं, तेल पायापर्यंत नेलं, आणि डाव्या पोटरीवर तो फिकट चट्टा तिला दिसला.

"हे कधीपासून वो?"

"दोन साल झाले असन. खाजत नाही, दुखत नाही. कायले विचारता?"

"काही नाही."

खोटं कशाला सांगायचं, चंद्रभागाबाईच्या मनात पहिला विचार आला तो पोरीला माहेरी पोचवून द्यायचा. फसवलं आपल्याला. लेकाचा संसार, घराचं नाव, विहिरीवरचं पाणी, सगळं जाणार. बैलगाडी जुंपायला सांगावी, आईला भेटून ये म्हणावं, आणि परत आणायला जाऊच नये. गावोगाव असंच करतात. दोन दिवस ती हाच बेत मनात घोळवत फिरली. तिसऱ्या दिवशी दुपारी केशरनं भाताचं ताट वाढून तिच्यासमोर ठेवलं आणि "जेवा ना, आत्याबाई, तोंड किती सुकलं तुमचं" म्हणाली, तेव्हा चंद्रभागाबाईला त्या ताटात द्रोण दिसला. आपण आता दहा वर्षांच्या नाही, हे तिला त्या वेळी नीट कळलं.

पुढच्या गुरुवारी सासू-सुना एस.टी.नं भंडाऱ्याला निघाल्या. गावाला सांगितलं, लग्नाला आठ महिने झाले, पोटी काही राहिना, म्हणून डॉक्टरला दाखवायला नेते. सुनेलाही तेच सांगितलं होतं. गाडी अड्याळच्या पुढं गेल्यावर तिनं केशरच्या कानाशी लागून खरं सांगितलं. केशरनं तिच्याकडे बघितलं, मग आपल्या पायाकडे बघितलं, आणि भंडारा येईपर्यंत ती बोलकी पोर एक शब्द बोलली नाही.

डॉक्टरनं केशरला डोळे मिटायला लावले. कापूस लावला, टाचणी टोचली, कुठं कळतं ते विचारलं. डावा पाय घोट्यापर्यंत मुका झाला होता. उजव्या टाचेत कळत होतं, पण कमी. मग त्यानं फोड बघितला.

"हे कशानं भाजलं?"

"माझ्या हातानं," चंद्रभागाबाई म्हणाली, आणि तिथंच स्टुलावर बसून रडायला लागली.

डॉक्टर तरुण होता, पण समजूतदार होता. त्यानं पांढऱ्या गोळ्या दिल्या, रोज एक, तीन-चार वर्षं तरी, एक दिवस चुकवायची नाही. "डावा पाय गेला तो परत येईल असं मी सांगत नाही. पण औषध घेतलं तर रोग पुढं जाणार नाही. उजवा पाय आणि हात वाचवायचे आहेत. अनवाणी चालायचं नाही, रोज पाय तपासायचे, आणि मुक्या पायाला गरम काही लावायचं नाही." घरात ठेवू का, असं चंद्रभागाबाईनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मग कुठं ठेवणार? घरातच ठेवा. सोबत जेवा."

उजवा पाय वाचवायचा. एवढं एक वाक्य घेऊन चंद्रभागाबाई घरी आली.

आता चपलांचं काय करायचं? सुनेनं चपला घातल्या की गाव विचारणार, काहून? चंद्रभागाबाईनं डोकं चालवलं. भंडाऱ्याहून दोन जोड आणले, आणि पहिला जोड स्वतः घालून चावडीवरून दोनदा गेली आणि दोनदा आली. चावडीवर हसू फुटलं. "बुढीले आता नखरे सुचले!" "सोमाजी बिचारा सुटला!" आठ दिवस गावाला दुसरा विषय नव्हता. नवव्या दिवशी केशर चपला घालून निघाली, तर लोक म्हणाले, सासूच तशी तर सून काय करील. चंद्रभागाबाईला नेमकं हेच पाहिजे होतं.

दुसरी अडचण आंगणातली होती. दर हिवाळ्यात सगळ्या बाया पाय भरून घेणार आणि घरची सून लांब राहणार, तर आनंदाबाईसारखीला वास लागल्याशिवाय राहणार नाही. आणि पाय भरताना सून गप्प राहिली तरी तेच. सासरी गप्प राहिल्यानं सुनेचा घात होईल असं चंद्रभागाबाईला जन्मात वाटलं नव्हतं.

मग तिनं केशरला ओरडायला शिकवलं. घरात दार लावून दोघी बसायच्या. डाव्या पायात कोमट मेण. "मी 'हं' म्हणलं का तू ओरड."

"हं."

"स्सी."

"हे का ओरडणं झालं? भाजी फोडणीले टाकल्यावानी! मनापासून ओरड."

"आई गंऽऽ!"

"एवढं बी नको. आनंदाबाई धावत येईन."

पहिल्यांदा केशर ओरडता ओरडता रडली. मग एक दिवस हसली. हसता हसता दोघींच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या दिवशी त्या सासू-सुना राहिल्या नाहीत, कटात सामील झालेल्या दोन बाया झाल्या.

जागेश्वरला सांगायचं बाकी होतं. चंद्रभागाबाई महिनाभर टाळत राहिली. शेवटी चुरणीच्या, म्हणजे धान मळायच्या वेळी खळ्यावर, बैल सोडल्यावर, तिनं तोंड उघडलं. जागेश्वरनं बैलाच्या पाठीवरून हात फिरवत सगळं ऐकून घेतलं.

"मले माहीत होतं, माय," तो म्हणाला. "रोवणीत तिच्या पायात काटा मोडला होता. मी काढला. एवढा मोठा काटा, अन् ती गोष्टी सांगून राहिली होती."

"मंग मले काहून नाही सांगितलं रे?"

जागेश्वरनं वाकून बैलापुढं तणस सारली. "तुले सांगितलं असतं, तर तू तिले माहेरी धाडलं असतं."

आपल्या पोटच्या पोरानं आपल्याला बरोबर ओळखलं होतं, हे चंद्रभागाबाईला फार लागलं. ती उठली आणि झाडलेलं खळं पुन्हा झाडू लागली.

दर महिन्याला भंडाऱ्याची फेरी सुरू झाली. गोळी पहाटे, चुलीशी, सासूच्या डोळ्यांसमोर. रोज दुपारी केशरचे दोन्ही पाय सासूच्या मांडीवर. काटा बघ, खडा बघ, फोड बघ. असं वर्ष गेलं, दुसरं वर्ष अर्ध्यावर आलं आणि केशरला दिवस राहिले. गावाला वाटलं, डॉक्टर काय गुणाचा आहे! आनंदाबाई दुसऱ्याच दिवशी दारात हजर. "मायी सून बी तीन वर्सापासून तशीच हाये. मले त्या डॉक्टराचं नाव सांग. पुढच्या गुरुवारी आम्ही बी तुमच्यासंगं येतो."

चंद्रभागाबाईचा जीव कासावीस झाला. "तो बदलून गेला," ती म्हणाली.

"कुठी?"

"मुंबईले."

"मंग तुम्ही आता कोणाकडे जाता?"

"दुसऱ्याकडे. पण हा काही कामाचा नाही," चंद्रभागाबाई म्हणाली. जिच्या तोंडून कधी खोटं निघालं नव्हतं, ती दोन वर्षांत इतकं सफाईनं बोलायला शिकली होती की तिचं तिलाच नवल वाटे.

पण या खोट्यानंच पुढं तिची झोप उडवली. पोरगी झाली, सहा महिन्यांची झाली, रांगायला लागली. डावा पाय होता तसाच होता. उजव्या पायाबद्दल डॉक्टर विचारी, "इथं कळतं?" केशर म्हणे, "हाव." टाचणी टोचली, "हाव." चंद्रभागाबाई बाजूला बसून सुनेचं तोंड बघे. हाव म्हणायला काय लागतं? डोळे मिटून सुद्धा समजतं, माणूस टोचायला वाकला की श्वास जवळ येतो. आणि या पोरीला न कळता कळल्यासारखं करायला कोणी शिकवलं? आपणच शिकवलं. घरी ती विचारी, "केशर, खरं सांग, उजव्यात कळते ना?"

"कळते ना, आत्याबाई."

"माझी शपथ?"

"तुमची शपथ." आणि केशर पोरीला उचलून बाजूला होई. इतक्या लवकर बाजूला होई की चंद्रभागाबाईला ती शपथही पटत नसे. पोरगी मांडीवर आहे, नवरा जीव लावतो, घर सुखाचं आहे. अशा वेळी पाय गेला हे कोणती बाई कबूल करील? मीही केलं नसतं, असं तिला वाटे, आणि ती पुन्हा उठून बोडीची वाट धरी.

१९७९ चा पूस आला. आंगणात शेगडी पेटली. आनंदाबाईचं "मेली वो" उरकलं. मग केशर येऊन बसली, पोरगी मांडीवर. चपला घालूनही त्या वर्षी तिच्या दोन्ही टाचा फुटल्या होत्या. आधी डावा पाय. चंद्रभागाबाईनं पळी फुंकून फुंकून कोमट केली, "हं" म्हणाली, आणि केशर "आई गं!" म्हणून कळवळली. इतकी बेमालूम की शेजारच्या बाईनं "हळू वो चंद्रभागाबाई" म्हटलं.

मग उजवा पाय. मेण निवलं होतं, म्हणून पळी निखाऱ्यावर ठेवली. केशर आनंदाबाईकडे वळून पोरीला चौथा दात कसा येतोय ते सांगत होती. पोरीचा ओठ वर करून दाखवत होती. चंद्रभागाबाईनं पळी उचलली. आता "हं" म्हणायचं होतं.

ते तिच्या तोंडातून निघेना. तीन वर्षं ती या एका गोष्टीसाठी तळमळत होती, आणि ती गोष्ट समोर मांडीवर होती. पळी तापलेली होती, आठ बाया बघत होत्या. थेंब पडला आणि ही पोर दाताचीच गोष्ट सांगत राहिली, तर सगळं उघडं पडणार. गोळ्या, गुरुवार, चपला, सगळं. संध्याकाळपर्यंत गावभर होईल. हे सगळं तिला समजत होतं. तरी तिचा हात थांबला नाही. माणसाला किती दिवस न कळता जगता येतं?

थेंब भेगेत उतरला.

केशरच्या तोंडात अजून दाताचीच गोष्ट होती.

आणि टाच उसळली. सरळ चंद्रभागाबाईच्या मनगटावर बसली. पळी उडून तणशीच्या ढिगाशी पडली, पोरगी दचकून भोकाड पसरून रडू लागली, आणि केशर पाय दोन्ही हातांत धरून किंचाळली, "जळो तुझा हात, बुढे! मारून टाकतं का मले!"

आनंदाबाईनं तोंडावर हात ठेवला. "अव माय! सासूले बुढी म्हणते! तुझा म्हणते!"

केशरचं तोंड पांढरं पडलं. डोक्यावरचा पदर सावरत ती चाचरली, "आत्याबाई... माझ्या तोंडातून... मी नाही..."

चंद्रभागाबाईनं तिला पुढं बोलू दिलं नाही. तिनं तो उजवा पाय ओढून छातीशी धरला होता, मेण लुगड्याला लागत होतं त्याचीही तिला शुद्ध नव्हती. ती हसत होती, आणि डोळ्यांतलं पाणी गालांवरून वाहत होतं, आणि बाया एकमेकींकडे बघत होत्या, म्हातारीला भूतबाधा झाली की काय म्हणून.

"अजून शिव्या दे," ती केशरला म्हणाली. "थांबू नको, माझे बाई. अजून दे."